काखेंत कळसा: 'कमांड सांपडली नाहीं' ह्या संदेशाचा इतिहास

रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील कॉलेजांत जाणारा मुलगा संगणकासमोर बसतो. चित्रांवर खूण करून चालणारा नेहमींचा संगणक आतां त्याला पुरेनासा झालेला असतो. काळ्या चौकटींत नांव लिहून जीं साधनें चालवावयाचीं असतात, त्यांपैकीं एक त्याला हवें असतें. तें तो इंटरनेटवरून उतरवून घेतो, सूचनांबरहुकूम यंत्रांत बसवितो, आणि शेवटीं 'काम यशस्वीपणें पूर्ण झालें' असें आश्वासन यंत्र त्याला देतें. मग मोठ्या उमेदीनें तो त्या साधनाचें नांव लिहितो, आणि त्याच यंत्राकडून उत्तर येतें: 'कमांड नॉट फाउंड', आज्ञा सांपडली नाहीं. घटकेपूर्वी ज्यानें वस्तु घरांत ठेवून घेतली, तोच आतां कानांवर हात ठेवतो! मुलगा साधन पुन्हां बसवितो. पुन्हां तेंच उत्तर. अखेर आपल्यालाच ह्यांतलें कांहीं कळत नाहीं अशी समजूत करून घेऊन तो खिन्न मनानें उठतो.

'काखेंत कळसा आणि गांवाला वळसा' ही म्हण विसरभोळ्या माणसाला उद्देशून झाली. पण ह्या प्रसंगीं ती संगणकाला अक्षरशः लागू पडते. साधन डिस्कवर असतें, त्याचें एक अक्षरहि हरवलेलें नसतें. तरीहि यंत्राचें उत्तर खोटें नसतें. 'सांपडली नाहीं' ह्या शब्दांचा खरा अर्थ 'जेथें शोधावयास सांगितलें होतें, तेथें ती नाहीं' एवढाच असतो. कोठें शोधावें हें यंत्राला कोणीं सांगितलें, केव्हां सांगितलें, आणि तें बदलण्याचा अधिकार पुढें कोणाच्या हातीं आला, ह्याला साठ वर्षांचा इतिहास आहे. तो समजला म्हणजे हें उत्तर कोड्यासारखें वाटत नाहीं. आणि अशा वेळीं घाईनें जे उपाय केले जातात त्यांतील घातक कोणते, हेंहि उमगतें.

सन १९६० च्या आगेमागें संगणकाशीं बोलणें म्हणजे छिद्रें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकींतून आंत देणें होय. तो गठ्ठा घेणारा मनुष्य असे. कोणतें काम कोणत्या क्रमानें यंत्रावर चढवावयाचें तें तोच पाही, आणि उत्तराचा कागद कांहीं तासांनीं हातीं पडे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी ह्यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें 'सीटीएसएस' नांवाच्या नव्या व्यवस्थेचें प्रात्यक्षिक दाखविलें. एकच यंत्र अनेक माणसांना आळीपाळीनें आपला वेळ क्षणाक्षणानें वांटून देई, आणि तें आपल्याच दिमतीला आहे असें प्रत्येकाला वाटे. मधला मनुष्य गेला. त्याच्या जागीं टंकयंत्रावर लिहिलेला शब्द आला. तो शब्द वाचून त्या नांवाचा प्रोग्रॅम शोधून आणण्याचें काम आतां यंत्रालाच करणें भाग पडलें.

त्याच संस्थेंत काम करणारे फ्रेंच संगणकतज्ज्ञ लुई पूझँ ह्यांनीं अनेक आज्ञा एका फाइलींत लिहून ठेवून त्या एकामागून एक चालविण्याची सोय केली. तिचें नांव 'रनकॉम'. आजहि ज्या फाइलींत शेलच्या आरंभींच्या सूचना लिहिलेल्या असतात, त्यांच्या नांवांच्या शेवटीं येणारीं 'आर' आणि 'सी' हीं दोन अक्षरें ह्याच रनकॉमचीं आठवण आहेत. पुढें 'मल्टिक्स' ह्या मोठ्या प्रणालीचा आराखडा चालू असतां, आज्ञा वाचणारा भाग हा प्रणालीच्या गाभ्यापासून वेगळा व बदलतां येण्याजोगा असावा, ही कल्पना पूझँ ह्यांनीं मांडली आणि त्या भागाला 'शेल' म्हणजे कवच असें नांव दिलें. १९६५ सालीं ते स्वदेशीं परतले. पण शब्द मागें राहिला. मल्टिक्समध्यें प्रोग्रॅम कोठें कोठें व कोणत्या क्रमानें शोधावा ह्याचे नियम ठरलेले होते, आणि वापरणाऱ्याला ते बदलतांहि येत. म्हणजे हा प्रश्न त्या कर्त्यांना चांगला कळलेला होता.

परंतु इतिहासाचा ओघ मल्टिक्सच्या अंगणांतून पुढें गेला नाहीं. त्या उद्योगांत भागीदार असलेल्या बेल प्रयोगशाळेनें १९६९ सालीं अंग काढून घेतलें. तिच्याच न्यू जर्सींतील मरे हिल येथें केन थॉम्प्सन ह्यांनीं त्याच वर्षीं, फारसें कोणी वापरीत नसलेल्या पीडीपी-७ नांवाच्या लहान यंत्रावर एक आटोपशीर प्रणाली रचली. डेनिस रिची त्यांना येऊन मिळाले, आणि ती प्रणाली 'युनिक्स' ह्या नांवानें पुढें जगभर पसरली. मल्टिक्सचें वैभव तेथें परवडण्यासारखें नव्हतें. बोलणें होई तें टेलिटाइप यंत्रावर, आणि तें यंत्र सेकंदाला दहा अक्षरें, ह्याहून अधिक वेगानें छापीत नसे. अशा यंत्रावर काम करणाऱ्यांना लांब नांवें व लांब उत्तरें दोन्ही नकोशीं होणें स्वाभाविक होतें. म्हणून आज्ञांचीं नांवें दोनदोन अक्षरांचीं झालीं, आणि यंत्राच्या तक्रारीहि तितक्याच तुटक झाल्या. थॉम्प्सन ह्यांचा मजकूर-संपादनाचा प्रोग्रॅम तर चूक झाली असतां नुसतें एक प्रश्नचिन्ह छापून स्वस्थ बसे. आज नवशिक्याला जो तुटकपणा उद्धट वाटतो, त्याचें मूळ त्या दहा अक्षरांच्या वेगांत आहे.

जागेचीहि तीच काटकसर होती. थॉम्प्सन व रिची ह्यांनीं जुलै १९७४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आपल्या यंत्राचें वर्णन दिलें आहे: स्मरणशक्ति १४४ किलोबाइट, त्यांतील ४२ किलोबाइट प्रणालीनें व्यापलेले, आणि काढतां घालतां येणाऱ्या एकेका डिस्कची क्षमता अडीच मेगाबाइट. आजच्या फोनवरील एखादें छायाचित्रहि त्या डिस्कवर मावणार नाहीं. त्याच निबंधांत आज्ञेचा शोध कसा होतो तें सांगितलें आहे. लिहिलेल्या नांवाची फाइल प्रथम समोर पाहावयाची. ती न मिळाल्यास नांवाच्या आधीं '/बिन/' हीं अक्षरें जोडून पुन्हां पाहावयाचें. 'बिन' ही सर्वांच्या उपयोगाच्या आज्ञांची डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचा सार्वजनिक कप्पा. आज्ञा वाढल्या तशी हीहि जागा पुरेनाशी झाली. वापरणाऱ्यांच्या खासगी फाइलींसाठीं 'यूएसआर' नांवाचा निराळा भाग होता. त्यांत दुसरा 'बिन' निघाला. १९७५ च्या सहाव्या आवृत्तींत शेल तीन ठिकाणीं पाही: समोर, पहिल्या बिनमध्यें, आणि शेवटीं यूएसआरमधील बिनमध्यें. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत पाहुणे वाढले म्हणजे माजघरांत अंथरुणें पडतात, तशांतला हा प्रकार. पण सोयीची ही मांडणी पुढें परंपरा बनली. फेडोरा ह्या लिनक्स-प्रणालीनें २०१२ सालीं हे दोन कप्पे एक केले, तेव्हां मूळ अडचणीला चार दशकें होत आलीं होतीं.

ह्या जुन्या व्यवस्थेंत घोटाळ्याला फारशी जागा नव्हती. पण वापरणाऱ्याला अधिकारहि नव्हता. शोधाचीं ठिकाणें शेलच्या पोटांत कायमचीं लिहिलेलीं होतीं. एखाद्या विभागानें आपल्या कामाचीं दहा-वीस साधनें स्वतः तयार केलीं, तर तीं सार्वजनिक कप्प्यांत ठेवण्यासाठीं व्यवस्थापकाची मनधरणी करावी लागे, नाहींतर प्रत्येक वेळीं त्यांचा पुरा पत्ता लिहावा लागे. बेल प्रयोगशाळेंतच 'प्रोग्रॅमर्स वर्कबेंच' नांवाच्या उपक्रमांत पुष्कळ माणसें एका यंत्रावर काम करीत. तेथें ही अडचण तीव्र झाली. त्या उपक्रमांतील जॉन मॅशी ह्यांनीं १९७५ च्या सुमारास शेलमध्यें सुधारणा करून शोधाचा क्रम बदलण्याची मुभा वापरणाऱ्याला दिली. जानेवारी १९७९ मध्यें युनिक्सची सातवी आवृत्ति बाहेर पडली. तिच्याबरोबर स्टीफन बोर्न ह्यांचें नवें शेल आलें, आणि ही मुभा 'पाथ' ह्या नांवानें कायम झाली.

पाथ म्हणजे शोधावयाच्या डिरेक्टऱ्यांची यादी. एकीपासून दुसरी वेगळी ओळखावी म्हणून मध्यें अपूर्णविरामासारखे दोन टिंब. पोस्टमनच्या हातीं गल्ल्यांची यादी द्यावी, आणि 'गोविंदराव कोठें राहतात तें ह्या गल्ल्यांतून, ह्याच क्रमानें, विचारीत जा' असें सांगावें, तसें हें आहे. यादींत नसलेल्या गल्लींत गोविंदराव दारांत उभे असले तरी पोस्टमन पत्र परत आणील, आणि त्याबद्दल त्याला दोष देतां येणार नाहीं. उलट एकाच नांवाचे दोन गृहस्थ दोन गल्ल्यांत असले, तर यादींत आधीं आलेल्या गल्लींतल्यालाच पत्र मिळेल. नवी आवृत्ति बसविली तरी जुनीच चालते अशी जी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते, तिचें कारण बहुधा हा क्रम असतो. आज्ञेच्या नांवांत तिरपी रेघ असली, म्हणजे पत्ता लिहिलेला असला, तर मात्र शेल यादीकडे पाहतच नाहीं. सरळ त्या पत्त्यावर जातें.

सातव्या आवृत्तीनें आणखी एक गोष्ट केली, आणि नवशिक्याच्या बहुतेक हालअपेष्टा तींतून निघतात. पाथसारख्या गोष्टी प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या जनकाकडून वारशानें मिळाव्या अशी तिनें व्यवस्था केली. परंतु हा वारसा जन्माच्या वेळीं मिळतो, आणि तोहि मूळ दस्तऐवजाची नक्कल म्हणून. मागाहून जनकानें आपली यादी बदलली तरी आधीं जन्मलेल्या अपत्याला त्याचा पत्ता नसतो. आणि अपत्यानें आपली यादी कितीहि सुधारली तरी जनकाची यादी जशीच्या तशी राहते. नवें साधन बसविणारा प्रोग्रॅम आरंभींच्या सूचनांच्या फाइलींत नव्या डिरेक्टरीचें नांव लिहितो. पण समोर उघडी असलेली काळी चौकट त्या फाइलीपूर्वीं जन्मलेली असते. तिला ही बातमी लागावी कशी? चौकट मिटून नवी उघडली कीं साधन एकाएकीं सांपडतें, आणि मुलाला तो चमत्कार वाटतो. त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. वारसा मिळण्याची वेळ तेवढी चुकलेली होती.

सूचनांची फाइल कोणती, ह्याबद्दलहि असाच घोटाळा होतो, कारण प्रत्येक शेल आपापली फाइल वाचतें. ॲपल कंपनीच्या संगणकांवर वर्षानुवर्षें 'बॅश' हें शेल मिळे. २०१९ सालापासून नव्या खात्यांना 'झेडशेल' मिळूं लागलें. बॅशसाठीं लिहिलेली फाइल झेडशेल वाचीत नाहीं. त्यामुळें जुन्या पुस्तकांतील सूचना तंतोतंत पाळूनहि साधन सांपडेना. पुढें त्याच कंपनीनें २०२० च्या अखेरीस निराळ्या जातीचे प्रोसेसर असलेले संगणक काढले, तेव्हां साधनें बसविण्यास लोकप्रिय असलेल्या 'होमब्रू' ह्या व्यवस्थेनें त्यांच्यासाठीं नवी डिरेक्टरी निवडली. जुनी डिरेक्टरी पाथमध्यें मूळचीच होती, नवी नव्हती. ती यादींत घालण्याची सूचना होमब्रू बसवितांना शेवटीं छापून येई. पण 'यशस्वी' हा शब्द दिसल्यावर पुढच्या ओळी वाचणारे थोडेच!

शोधाला वेळ लागतो, म्हणून शेलला स्मरणशक्ति देण्याचा प्रयत्नहि झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कली येथें, बिल जॉय ह्यांनीं 'सी शेल' तयार केलें. तें १९७९ सालीं बर्कलीच्या युनिक्स-संचाबरोबर लोकांच्या हातीं पडलें. प्रत्येक आज्ञेसाठीं साऱ्या डिरेक्टऱ्या धुंडाळण्याऐवजीं तें आरंभींच त्यांतील नांवांची एक सारणी मनांत तयार करी. वेग वाढला, पण सारणी केल्यानंतर बसविलेलें साधन तींत नसे. म्हणून 'रीहॅश', म्हणजे सारणी पुन्हां कर, अशी आज्ञा द्यावी लागे. १९८९ सालीं आलेलें बॅश शेल आज्ञा एकदां सांपडली कीं तिचा पत्ता लक्षांत ठेवतें. तें साधन दुसरीकडे हलविलें तरी कांहीं वेळ जुन्याच पत्त्यावर जाऊन 'अशी फाइल नाहीं' म्हणतें. आठवण ही सोय आहे, पण शिळी आठवण अज्ञानाहून अधिक फसवी ठरते.

आतां ह्या इतिहासांतील सर्वांत गंभीर प्रकरणाकडे वळणें प्राप्त आहे. सातव्या आवृत्तीच्या मूळच्या पाथमध्यें पहिलें स्थान 'समोरची डिरेक्टरी' ह्यास होतें. म्हणजे माणूस ज्या कप्प्यांत काम करीत असेल तेथें आधीं पाहावयाचें, मग सार्वजनिक कप्प्यांत. एका खोलींतील विश्वासू सहकाऱ्यांना ही व्यवस्था सोयीची होती. परंतु विद्यापीठांत शेंकडों विद्यार्थी एका यंत्रावर आले तेव्हां तिचें भय दिसूं लागलें. फाइलींची यादी दाखविणारी जी दोन अक्षरी आज्ञा सर्वजण दिवसांतून पन्नास वेळां देतात, त्याच नांवाचा एक लबाड प्रोग्रॅम कोणीं आपल्या डिरेक्टरींत ठेवावा आणि वाट पाहावी. यंत्राचा व्यवस्थापक तेथें डोकावून ती आज्ञा देई तेव्हां खऱ्या प्रोग्रॅमऐवजीं लबाड चाले, आणि तोहि व्यवस्थापकाच्या सर्वाधिकारानें! हा धोका ओळखल्यावर समोरची डिरेक्टरी यादींतून हळूहळू वगळण्यांत आली. आज लिनक्सवर माणूस स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम डोळ्यांसमोर असतांना चालवूं पाहतो आणि 'सांपडला नाहीं' हें उत्तर मिळवितो, तें ह्यामुळें. नांवाच्या आधीं एक टिंब व तिरपी रेघ द्यावयाची, म्हणजे 'येथलाच' असें स्पष्ट सांगावयाचें. ही किरकिर वाटते खरी, पण ती कडी चोर येऊन गेल्यावर बसविलेली आहे.

घरगुती संगणकांचा मार्ग निराळा होता. एमएस-डॉस ही प्रणाली १९८१ सालीं आली. मार्च १९८३ मधील तिच्या दुसऱ्या आवृत्तींत युनिक्ससारख्या डिरेक्टऱ्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर पाथहि आला. तिनें मात्र समोरच्या डिरेक्टरींत आधीं पाहण्याची रीत ठेवली, कारण त्या यंत्राचा धनी एकच मनुष्य होता. तिचें उत्तर 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' असें असे. दोष जणूं लिहिणाऱ्याचाच, अशी त्या शब्दांची ठेवण. त्यामानानें युनिक्सचें 'सांपडली नाहीं' हें अधिक प्रामाणिक म्हटलें पाहिजे.

येथपर्यंत साधन न सांपडण्याची कथा झाली. पण कित्येकदां तें सांपडतें आणि तरीहि चालत नाहीं. ह्याचें पहिलें कारण परवानगी. युनिक्सनें आरंभापासूनच फाइल वाचण्याचा, तींत लिहिण्याचा आणि ती चालविण्याचा अधिकार वेगवेगळा मानला. इंटरनेटवरून उतरविलेल्या फाइलीवर चालविण्याची खूण सहसा नसते. तेव्हां 'पर्मिशन डिनाइड' हें उत्तर येतें. तें अपयश नव्हे. अनोळखी पाहुण्याला कामाला लावण्यापूर्वीं घरधन्याची संमति विचारणें होय.

दुसरें कारण दुभाष्याचें. सगळेच प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेंत नसतात. कांहीं मजकुराच्या रूपांत असून त्यांना वाचून दाखविणारा दुसरा प्रोग्रॅम लागतो. जानेवारी १९८० मध्यें डेनिस रिची ह्यांनीं अशी योजना केली कीं, फाइलीच्या अगदीं आरंभीं '#!' हीं दोन चिन्हें असावीं आणि त्यांच्यापुढें दुभाष्याचा पत्ता लिहावा. ही योजना आजतागायत चालू आहे. पण त्या पत्त्यावर दुभाष्या नसला म्हणजे प्रणाली 'अशी फाइल नाहीं' असें म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतें ती समोरच्या फाइलीबद्दल बोलते आहे. ती बोलत असते दुभाष्याबद्दल. ह्याहून चमत्कारिक प्रकार ओळीच्या शेवटाचा. टेलिटाइपवर ओळ संपली कीं दोन हालचाली लागत: छापणारा भाग डावीकडे परत नेणें आणि कागद एक ओळ वर सरकविणें. युनिक्सनें मल्टिक्सप्रमाणें फाइलींत एकच खूण पुरेशी मानली. डॉसनें दोन्ही ठेवल्या. म्हणून विंडोजवर लिहिलेली फाइल लिनक्सवर नेली असतां दुभाष्याच्या नांवाला ती न दिसणारी जादा खूण चिकटते, आणि तसल्या नांवाचा दुभाष्या अर्थातच मिळत नाहीं. जुन्या टंकयंत्राची एक हालचाल नव्या संगणकाला अशी अडवून धरते!

तिसरें कारण जातीचें. युनिक्सचे प्रोग्रॅम पीडीपी-११ यंत्रावर असतांना त्यांच्या आरंभीं अष्टमान पद्धतीनें ४०७ हा अंक असे. त्या यंत्राच्या भाषेंत त्याचा अर्थ 'पुढचे सात शब्द ओलांडून जा' असा होता. फाइलीची माहिती सांगणारा आठ शब्दांचा मथळा त्या एका उडींत मागें पडे. पुढें ती उडी निरुपयोगी झाली, पण फाइल चालविण्याजोगी आहे हें ओळखण्याची खूण म्हणून अंक राहिला. आजच्या फाइलींच्या मथळ्यांत खुणेबरोबर यंत्राची जातहि लिहिलेली असते. एका जातीच्या प्रोसेसरसाठीं घडविलेलें साधन दुसऱ्यावर नेल्यास 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते, म्हणजे ही भाषाच आपली नव्हे असें यंत्र सांगतें.

चौथें कारण शेजाऱ्यांचें. प्रत्येक प्रोग्रॅमनें सारी सामग्री स्वतःबरोबर वाहून नेण्याऐवजीं समाईक सामग्री एका कोठारांत ठेवावी, आणि चालण्याच्या वेळीं प्रत्येकानें ती तेथून घ्यावी, ही कल्पना मल्टिक्समध्येंच होती. युनिक्सच्या जगांत ती १९८८ च्या सन-ओएस ४.० सारख्या प्रणालींनीं रूढ केली. ह्या कोठारांना 'शेअर्ड लायब्ररी' म्हणतात. जागा वांचली, पण साधन बसविलें आणि त्याला हवी ती लायब्ररी, हव्या त्या आवृत्तीची, यंत्रांत नसली, तर तें उंबरठ्यावरच अडखळतें. लिनक्सवर ही सामग्री जोडून देणाऱ्या कारभाऱ्याचा पत्ताहि साधनांतच लिहिलेला असतो, आणि तो कारभारी न मिळाल्यास पुन्हां तेंच फसवें 'अशी फाइल नाहीं' ऐकूं येतें.

हा इतिहास ध्यानीं घेतला म्हणजे तपासाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम साधनाचा पुरा पत्ता लिहून तें चालवून पाहावें. चाललें, तर साधन निर्दोष आहे आणि दोष यादींत, वारशांत किंवा शेलच्या शिळ्या आठवणींत आहे: पाथ छापून वाचावा, नवी चौकट उघडावी, आठवण पुसावी. न चाललें, तर पाथला हातहि लावूं नये. नवें उत्तर काय म्हणतें तें अक्षर न् अक्षर वाचावें, कारण परवानगी, दुभाष्या, जात आणि कोठार ह्या चौघांच्या तक्रारी वेगवेगळ्या असतात. आणि चालतें तें नेमकें कोणत्या डिरेक्टरींतलें, अशी शंका असल्यास 'व्हिच' ही आज्ञा ठिकाण सांगते.

ह्याऐवजीं जे घाईचे उपाय केले जातात ते दुखण्याहून वाईट असतात. पाथमध्यें नवें नांव जोडण्याऐवजीं कित्येकजण जुनी यादी पुसून नवेंच लिहितात. मग फाइली दाखविणारी साधी आज्ञाहि सांपडेनाशी होते, आणि आपण यंत्र मोडलें ह्या भीतीनें त्यांची झोंप उडते. वास्तविक पुरा पत्ता दिला तर ती आज्ञा तेव्हांहि चालते, आणि ती चौकट मिटवून सूचनांची फाइल दुरुस्त केली कीं झालें. दुसरे कोणी समोरची डिरेक्टरी यादीच्या अग्रभागीं बसवून बंद केलेला दरवाजा पुन्हां उघडतात. तिसरे सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाकतात, अथवा प्रत्येक आज्ञा सर्वाधिकारानें चालवितात. ह्यांनीं साधन कदाचित् चालेल. पण ज्या कड्या मागच्या पिढीनें अनुभवानें बसविल्या, त्या एका रात्रींत निघून जातात.

सहाव्या आवृत्तीच्या काळीं यादी शेलच्या पोटांत होती. ती चुकविण्याची सोय नव्हती, तशी सुधारण्याचीहि नव्हती. नंतर ती प्रत्येकाच्या हातीं आली, आणि तिच्याबरोबर ती चुकविण्याचा हक्कहि आला. आरंभीं सांगितलेला मुलगा ज्या उत्तरानें खिन्न झाला, तें ह्या हक्काच्या पोटीं आलेलें आहे. त्याच्या बुद्धीवरचा तो शेरा नव्हे. यंत्रानें त्याला इतकेंच सांगितलें होतें कीं, दाखविल्या ठिकाणीं वस्तु मिळाली नाहीं. त्यावर पाथ छापून 'तूं कोठें कोठें पाहिलेंस?' हा प्रश्न विचारावयास फारसें ज्ञान लागत नाहीं; आणि यादी एकदां डोळ्यांखालून गेली कीं तींत कोणतें नांव नाहीं, हें त्याचें त्यालाच दिसतें.